कोणत्या सालची गाडी?

आमची गाडी महाराष्ट्रापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. 1956 सालची फियाट 1100, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून निघालेली. आरसी बुकाच्या पहिल्या पानावर अजून मुंबई राज्य असंच छापलेलं आहे. इटलीत तिला 'मिलेचेंतो' म्हणत, म्हणजे नुसतं 'अकराशे'. आमच्याकडे ती पहिल्यापासून डुक्कर फियाट. समोर उभं राहिलं की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. फुगीर गाल, पुढे आलेलं नाकाड, दोन बाजूंना बारीक डोळे. यात तिचा कुणी अपमान करत नाही. कोल्हापुरात जीव लावलेल्या माणसालाही सरळ नावाने हाक मारायची पद्धत नाही.

आजोबांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. गाडी त्यांनी घेतलेली. त्यांच्यानंतर वडिलांची, वडिलांनंतर माझी, आणि माझ्या नावावर आल्यापासून बहुतेक काळ परसातल्या शेडमध्ये चार ठोकळ्यांवर. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. डायनॅमो मला फळ्यावर काढता येतो, गाडीतून उतरवता येत नाही. निवृत्त झाल्यावर म्हटलं, हिचं एकदा काय ते ठरवून टाकू. आणि ठरवायला दोन माणसांना एकाच रविवारी बोलावून बसलो.

एक माझी मुलगी. पुण्यात जुन्या वाड्यांच्या जतनाचं काम करते. चुना मळण्यावर अर्धा तास बोलू शकते. दुसरे मिस्त्री. वय सदुसष्ट, उद्यमनगरात गॅरेज. त्यांचे उस्ताद आणि ते सोडून आमच्या गाडीला तिसऱ्याचा पाना लागलेला नाही. माझा अंदाज असा की पोरगी म्हणेल नवं करू, मिस्त्री म्हणतील राहू द्या जुनं. झालं नेमकं उलटं.

"आधी ब्रेक," मिस्त्री म्हणाले. गाडीवरची ताडपत्री अजून पुरती निघालेली नव्हती. "बाकीचं मागनं बोलू. चारी चाकाला ड्रम, त्यांच्यामागं एकच मास्टर सिलिंडर, एकच लाइन. एक होज फुटली की पेडल बुडाला आणि चारी चाकं मोकळी. दोन खणांचा मास्टर टाकायचा आणि पुढच्या दोन चाकांना डिस्क."

"डिस्क नाही," मुलगी म्हणाली. "मिस्त्रीकाका, ड्रम टर्न करा, लायनर नवे घाला, व्हील सिलिंडर नवे, होज नव्या. सगळं नवं करा, पण जे होतं तेच नवं करा. ताशी पन्नासच्या वर ही गाडी कोण चालवणार आहे?"

"गाडी पन्नासनंच जाईल गं पोरी. पण पुढचा ट्रक कसा थांबतोय ते तू ठरवणार हायस का? छप्पन साली समोरच्या गाडीलाबी ड्रमच होते. तो हळू थांबायचा, आपण हळू थांबायचो. आता तो जागेवर थांबतोय आणि आपण त्याच्या डिकीत."

हे मला कुणी याआधी असं सांगितलं नव्हतं. आपण म्हणतो जुनी गाडी जशी होती तशी ठेवली. पण ती ज्या रस्त्यासाठी होती तो रस्ता कुठे ठेवलाय? पन्हाळ्याच्या वाटेवर तेव्हा बैलगाड्या होत्या आणि दिवसाला चार एसट्या. मुलीलाही ते लागलं असावं, कारण ती थोडा वेळ बॉनेटच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिली.

"दोन खणांचा मास्टर चालेल," ती शेवटी म्हणाली. "पत्र्याला कापाकापी न करता, आहे त्याच जागेवर ब्रॅकेट लावून बसत असेल तर. काढलेला जुना फेकायचा नाही. पुसून, ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून पेटीत."

"आणि डिस्क?"

"डिस्कला हब बदलणार, चाकं बदलणार, मग म्हणाल रेडियल टायर. त्याला शेवट कुठाय?"

मिस्त्री हसले. "शेवट मालकाच्या पाकिटात असतोय."

मुलीचा मुद्दा मी जरा माझ्या भाषेत सांगतो. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी वारंवार घासून काढावी लागते, तारा बदलाव्या लागतात, म्हणून कुणी म्हणत नाही की तंबोरा बदलला. भोपळा मात्र तोच राहतो. लायनर, होज, प्लग, पॉइंट, कंडेन्सर ही सगळी जवारी. ती झिजायचीच आणि बदलायचीच. मी हे बोलून दाखवलं तर मिस्त्रींनी विचारलं, "आणि सर, भोपळाच फुटला तर?"

"तर सांधतात," मुलगी म्हणाली.

तेव्हा ते कुणीच फारसं मनावर घेतलं नाही.

डायनॅमोवरून वाद झाला, तो लवकर मिटला. इंजिन आरामात चालू असलं की डायनॅमोतून वीज जेमतेम येते, दिवे मंदावतात, वायपर तर पावसात झोपेत चालल्यासारखे. मिस्त्रींना अल्टरनेटर हवा होता. तो त्याच ब्रॅकेटवर बसतो आणि पुन्हा उतरवता येतो, म्हणून मुलीने हरकत घेतली नाही. डायनॅमो आणि त्याचा कटआउट पेटीत गेले. रात्री गाडी काढायचीच नाही असा माझाही एक प्रस्ताव होता. त्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

खरं भांडण पट्ट्यावरून झालं. डुक्कर फियाटची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागरी मागच्या बाजूला. चालत्या गाडीत कडी निसटली की वारा दार ओढून घेतो. आत अखंड बाक, गिअर स्टिअरिंगवर, आणि माणसाला धरून ठेवणारं काही नाही. मिस्त्रींचं म्हणणं, खांबाला आणि फ्लोअरला भोकं पाडून, मागून जाड पट्टी लावून सीटबेल्ट बसवायचे. मुलीला ते भोकच नको.

"काढलेला सुटा भाग परत लावता येतो," ती म्हणाली. "पाडलेलं भोक परत बुजत नाही. बुजवलं तरी ते बुजवलेलं भोक असतं. आणि या गाडीचा पत्रा हीच तिची चौकट आहे, खाली वेगळी चॅसी नाही. नियमात तर सरळ लिहिलंय."

मग तिने नियम वाचून दाखवला. 2021 च्या जुलैत केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांचं वेगळं प्रकरण घातलं. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत दहा वर्षं. नव्याने नोंद होणाऱ्यांना 'व्हीए' अक्षरांची मालिका, आधीपासून नोंद असलेल्यांना आपला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी फिरवायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोजच्या वापराला नाही.

"म्हणजे मंडईला न्यायची नाही?" मी विचारलं.

"नाही."

"मग दिवाळीत गूळ-पोहे घेऊन मावशीकडे?"

"बाबा!"

मिस्त्री बेल्टच्या मुद्द्यावरून हलले नव्हते. "नियम ऐकला. दोन दिवसांनी तुझी पोरगी पुढच्या सीटवर उभी राहून गाणं म्हणणार. तिला काय सांगू, बॉडी शेलला धक्का लागू नये म्हणून तू काचेतनं जा?"

तिथे मी मध्ये पडलो आणि बापाच्या अधिकाराने ठरवून टाकलं. पुढे दोन साधे कमरेचे पट्टे, खांबाला हात न लावता, फ्लोअरमध्ये चार भोकं, खालून पट्ट्या. मुलगी रागावली, पण तिने वही काढून भोकांची जागा इंचात मोजून लिहून ठेवली. मला तिचं हे आवडतं. हरली तरी नोंद करून हरते.

पुण्याच्या एका भाच्याने मध्येच फोनवरून सुचवलं, इंजिन काढून टाका, बॅटरी-मोटर बसवा. त्याला वाटलं मिस्त्री उडी मारतील. मिस्त्री म्हणाले, "मग मला कशाला बोलावताय, वायरमन बोलवा." मुलीने 2018 ची ती ब्रिटिश राजपुत्राच्या लग्नातली विजेवर चालणारी जॅग्वार ई-टाइप सांगितली. दिसायला अप्रतिम. आणि जुन्या मोटारींची जागतिक संघटना फिवा म्हणते की विजेवर आणलेली जुनी गाडी ऐतिहासिक वाहन म्हणून धरता येणार नाही, हेही सांगितलं. या एका गोष्टीत दोघांचं एकमत झालं, तेवढ्यात चहा आला.

चहानंतर मुलीने पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा निवडली आणि ओल्या पॉलिश पेपरने घासायला घेतली. वाड्याच्या भिंतींवर ती हेच करते. हळूहळू कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं उमटली. वर मळका पिवळसर, जो मला लहानपणापासून आठवतो. त्याखाली करडा प्रायमर, लांबीची पातळ रेघ, मग गडद तांबडा. त्याच्याखाली पुन्हा प्रायमर, आणि सगळ्यात आत शेवाळासारखा एक हिरवा, ज्याची आमच्या घरात कुणालाच आठवण नाही.

"हा," ती म्हणाली, "हा छप्पनचा."

"आणि तांबडा?"

"तो बघावा लागेल."

तांबडा मला माहीत होता. धाकट्या आत्याच्या लग्नाला आजोबांनी गाडी तांबडी करून घेतली होती. वरातीत काढलेल्या कृष्णधवल फोटोत ती काळी दिसते, म्हणून पुढची पिढी समजते गाडी काळी होती. पिवळसर रंग वडिलांचा. ऊन लागून आत भट्टी होते म्हणून त्यांनी फिका घेतला.

"तर मिस्त्रीकाका, गाडी हिरवी करायची. आणि इंजिनाचंही बोलायचंय. पुण्यात एकाकडे छप्पनचा ब्लॉक आहे, मूळचा. मी बोलून ठेवलंय."

मिस्त्री उठून बॉनेटकडे गेले. बॉनेट वर करून आत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "ह्या ब्लॉकला काय झालंय?"

"हा मूळचा नाही ना. आरसीत इंजिन नंबर खोडून दुसरा लिहिलाय, शिक्क्यासह. उद्या विंटेजसाठी अर्ज केला तर पहिला प्रश्न हाच येणार."

"त्र्याहत्तर साली टाकलाय. ॲक्सिडेंटमधल्या डिलाइटचा. जुन्या ब्लॉकला तडा गेल्ता, भंगारात दिला. उस्तादांनी दोन रात्री काम केलं, मी कंदील धरून उभा हुतो. पंधरा वर्षांचा. बेल हाउसिंगचे बोल्ट मीच आवळले, पहिल्यांदा." त्यांनी हात आत घालून कुठल्यातरी बोल्टाला बोट लावलं. "हा."

इंजिनाची हकीकत अशी की छप्पनच्या गाडीत 1089 सीसीचं इंजिन, 36 अश्वशक्तीचं. पुढे 1964 ला आलेल्या डिलाइटमध्ये आणि नंतर पद्मिनीतही प्रीमिअरने तेच 1089 सीसीचं घराणं चालू ठेवलं. इटलीत त्या सुमाराला 1100 डी मोठ्या इंजिनावर गेली, आपल्याकडे ते झालं नाही. त्यामुळे डिलाइटचं इंजिन डुक्करमध्ये बसवणं म्हणजे थोरल्या भावाला धाकट्याचा सदरा. हजारो गाड्यांत हे झालं असेल. पद्मिनीमुळेच या गाड्यांना पन्नास वर्षं रिंग-पिस्टन मिळत राहिले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले. मिस्त्रींनी एवढंच विचारलं होतं, आता गॅसकिट कुठून आणायचे.

आणि मुळात छप्पनची गाडी तरी निखळ होती का? 1953 च्या टॅरिफ कमिशननंतर नुसती जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सनी इथून गाशा गुंडाळला. सुटे भाग इथेच घडवू म्हणणाऱ्या कंपन्या टिकल्या, त्यांत वालचंद हिराचंदांची प्रीमिअर. पण सगळे भाग एका दिवसात इथे होऊ लागले नाहीत. त्या वर्षांतल्या गाडीत थोडं ट्युरिन असायचं, थोडं कुर्ला, आणि दोघांमधलं प्रमाण दर वर्षाला वेगळं. कारखान्याच्या दारातून निघतानाच ती ठिगळाची गोधडी होती.

हे सगळं मी मुलीला सांगितलं नाही. एकच विचारलं. "तू मागे तो वाई भागातला वाडा केलास, त्याला मूळचा एकच चौक होता ना? मागचं माडीचं काम नंतरचं. ते तू पाडलंस का?"

"नाही."

"का?"

ती काही बोलली नाही. तिला उत्तर येत होतं, म्हणूनच बोलली नाही. जतनाच्या लोकांची एक व्हेनिसची सनद आहे, 1964 ची. तिच्यातलं एक कलम तिनेच मला एकदा मोठ्या उत्साहात समजावलं होतं. वास्तूवर प्रत्येक काळाने जे योग्य काम केलं त्याचा मान राखायचा, सगळी वास्तू एकाच शैलीत आणणं हे जतनाचं उद्दिष्ट नाही. वाड्याला हे चालतं आणि गाडीला चालत नाही, असं का? फिवाने मोटारींसाठी व्हेनिसच्या धर्तीवरच ट्युरिनची सनद केली, फियाटच्याच गावाच्या नावाची. गाडी पूर्ववत करायची असेल तर ती कारखान्यातून निघाल्या दिवशीची करावी अशी सक्ती त्यातही नाही. तिच्या आयुष्यातला कुठला तरी एक काळ धरा आणि त्याला प्रामाणिक राहा, एवढंच. नंतरचे बदल शक्यतो उलटवता येतील असे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत, हेही तिथलंच. म्हणजे चिठ्ठी बांधलेली पेटी.

आता माझं मत सांगतो. वाद जुनं की नवं असा नव्हताच. नवं करायचं म्हणणारे मिस्त्री 1973 चं जपायला निघाले होते, आणि जपायचं म्हणणारी माझी मुलगी 1957 पासूनचं सगळं खरवडून काढायला. हिरवा रंग देऊन, पुण्याचा ब्लॉक घालून जी गाडी उभी राहिली असती ती माझ्या आजोबांची नसती. तिने आत्याची वरात पाहिलेली नसती. कदाचित रॅलीत तिला ढाल मिळाली असती.

"मग करायचं काय?" मुलगी वैतागून म्हणाली. "पिवळसर ठेवायचा? तो तर सुटलाय."

"सुटलाय तिथं भरू," मिस्त्री म्हणाले. "सगळी भट्टीत नको. आणि काय गं, दसऱ्याला महाराजांची मेबॅक दसरा चौकात येती का नाही? दर वर्षी येती. म्हणून लोकांना ती म्हायती हाय. उभी केली असती तर आतापत्तूर उंदरानं खाल्ली असती."

"मेबॅक वर्षातून एकदा निघते, काका. पेट्रोल भरून पन्हाळ्याला जात नाही."

"तेच तर बोलतोय. पेट्रोल."

आणि खिशातून त्यांनी रुमालात बांधलेली एक वस्तू काढली. पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्रॅम. आमच्या गाडीचा नव्हे, दुसऱ्या कुठल्या पद्मिनीचा. कडेने फुगून वाकडा झालेला, मधे मऊ पडलेला, बोटाने दाबला तर शिळ्या पापडासारखा. पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं, ते फुगतं आणि चिरतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी बसतं आणि पोलादाची टाकी आतून गंजते. म्हणजे मूळचंच ठेवायचं म्हटलं तर मूळच्या गाडीला चालेल असं पेट्रोलच बहुतेक पंपांवर नाही. नळ्या बदलायच्या, डायफ्रॅम बदलायचा, टाकी उतरवून धुवायची. यावर कुणी वाद घातला नाही. मुलीने वहीत लिहिलं, इंधन, सगळं रबर.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीचं हसू आलं. हे इथेनॉल येतं कुठून? धान्यातून, आणि उसातूनही. आमच्या भोवतालच्या साखर कारखान्यांत तेच चालू आहे. ही गाडी आजोबांनी उसाच्या पैशावर घेतली, आणि आता ऊसच तिच्या नळ्या कुरतडतोय.

शेवटी राहिली होती मागची सीट. मिस्त्रींनी ती खटकन वर ओढून काढली. आत काथ्या, एक पितळी बटण, कुणाचंतरी वीस पैशाचं ॲल्युमिनियमचं नाणं. आणि मग एक वास आला, जुना, जरासा आंबूस, गोड. मिस्त्रींनी नाक जवळ नेलं. "गूळ," ते म्हणाले.

आजोबा हंगामात नमुन्याचे रवे गाडीतूनच आणत. मागची सीट उचलून खाली पोतं पसरायचं आणि त्यावर रवे ओळीने. पोतं ओलं व्हायचं, गूळ पाझरायचा, पावसाळ्यात मुंग्या. आई शेवटपर्यंत त्या गाडीत मागे बसताना साडी वर धरायची. आता तिथे पत्र्यावर गोल डाग होते, रव्याच्या बुडाएवढे, एकाला एक लागून, दोन ओळींत सात. कडेला तपकिरी, आत काळपट. एका गोलात पोत्याचं विणकामसुद्धा उठलेलं होतं, गंजात. मुलगी गुडघ्यावर बसली आणि मोबाइलचा दिवा तिरका धरून बघत राहिली.

"हे पुसायचं नाही," ती म्हणाली. "कुणी पुसायचं नाही हे."

मिस्त्रींनी पेचकस उलटा धरला आणि मुठीने पत्र्यावर टकटक केली. कडेला पत्रा वाजला, टण्‌. पुढच्या गोलाजवळ वाजला, पण बसका. तिसऱ्या गोलावर आवाजच आला नाही. त्यांनी पेचकस सुलटा केला, टोक नुसतं टेकवलं, आणि ते आत गेलं. खालचं शेडमधलं शेण-मातीचं सारवण त्यातून दिसलं.

"भोपळा," ते म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. गुळाने पत्र्यातली ओल धरून ठेवली होती, पन्नास वर्षं, शांतपणे. ज्या खुणेसाठी मुलगी जीव टाकत होती तीच खूण गाडीचं बूड खात होती. आणि याला चौकट म्हणतात, यावर मागचे पाटे टांगलेले असतात. हे नुसतं जपून चालणार नव्हतं.

"कापायला लागणार," मिस्त्री म्हणाले. आवाज मगाच्यापेक्षा खाली होता. "आख्खं बूड कापून नवीन पत्रा घातला तर दोन दिवसाचं काम. डुक्करचं बूड बाजारात मिळत न्हाई, पण आमच्या इथं बडवून देतील."

"आख्खं नाही."

"मग?"

"जेवढं मेलंय तेवढंच. काढलेला तुकडा मला द्या."

मिस्त्रींनी खिशातून खडू काढला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी वाजवतो. तू आख."

ते टकटक करत पुढे सरकत होते आणि ती त्यांच्यामागून रेघ ओढत होती. टण्‌ आलं की रेघ आत, बसका आला की बाहेर. तिसऱ्या गोलापाशी तिने रेघ जरा जास्तच आत घेतली. मिस्त्रींनी काही न बोलता तिथे पुन्हा वाजवलं. तिने खडू बोटाने पुसला, अर्धा इंच बाहेर ओढला. पुढच्या गोलावर त्यांनी दोनदा वाजवलं, कान लावला, आणि म्हणाले, "ह्यो ठेव. ह्यो अजून बोलतोय."